हलकी होडी, भारी माणूस

सेलिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरीशुभ्र यॉट, तिच्यावर गॉगल लावून बसलेला हिंदी सिनेमातला हिरो आणि मागे मावळता सूर्य! हा श्रीमंतांचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध, असं आपण ठरवूनच टाकलेलं असतं. पण मित्रांनो, जगभरातल्या सेलिंग क्लबांमध्ये रविवारी सकाळी ज्या बोटी पाण्यात उतरतात त्यातल्या बहुतेक अशा नसतातच मुळी. त्या असतात जेमतेम दहा-बारा फुटांच्या. तीन-चार जणांनी मिळून उचलावी आणि किनाऱ्यावर आणून ठेवावी इतक्या हलक्या. ना इंजिन, ना केबिन. एक डोलकाठी, एक-दोन शिडं, एक सुकाणू आणि मध्ये बसलेला एक माणूस. हिला म्हणतात डिंगी. नवशिके हिच्यातच पहिल्यांदा पाण्यात पडतात, आणि ऑलिंपिक मेडल मिळवणारेही बहुतेक हिच्यातूनच वर आलेले असतात.

आज ही बोट इतकी साधी दिसते की हिच्यात डिझाइन करण्यासारखं काय आहे असंच वाटतं. पण शंभर वर्षांपूर्वी छोटी बोट म्हणजे जड, हळू आणि महाग अशी वस्तू होती. ती हलकी व्हावी, पळावी आणि साध्या माणसाला परवडावी म्हणून ज्यांनी धडपड केली, त्यांच्यातलं सगळ्यात रंगीत नाव म्हणजे उफा फॉक्स. याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. याने कधी सेमिस्टर दिली नाही, सबमिशन केलं नाही. तरीही याचं आयुष्य आपल्या मासिकात यायलाच हवं. का, ते वाचल्यावर कळेलच!

काउझचा पोरगा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागून आईल ऑफ वाइट नावाचं एक बेट आहे. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये जो समुद्राचा पट्टा आहे त्याला सोलेंट म्हणतात. या बेटाच्या टोकावर काउझ हे गाव. 1826 पासून इथे दर ऑगस्टमध्ये शिडाच्या बोटींच्या शर्यती होतात. क्रिकेटवाल्यांना लॉर्ड्स, तसं सेलिंगवाल्यांना काउझ. 15 जानेवारी 1898 रोजी उफाचा जन्म इथेच झाला. वडील सुतारकाम करणारे कसबी कारागीर. मूळचे पूर्व इंग्लंडचे. म्हणून त्या भागातल्या एका जुन्या राजाचं नाव त्यांनी मुलाला ठेवलं. हे नाव इंग्लंडमध्येही इतकं विचित्र वाटायचं की एकदा ऐकलेला माणूस ते विसरत नसे!

गावाजवळच ऑस्बोर्न हाउस होतं, व्हिक्टोरिया राणीचा लाडका महाल. 1901 मध्ये राणी तिथेच वारली. म्हणजे एकीकडे राजेरजवाड्यांच्या यॉट आणि दुसरीकडे त्या यॉट बांधणारे, रंगवणारे, दुरुस्त करणारे कामगार. उफा जन्मला तो दुसऱ्या बाजूला.

शाळा संपल्यावर तो सॉन्डर्स यांच्या यार्डात ॲप्रेंटिस म्हणून लागला. हे यार्ड त्या काळाच्या मानाने फारच पुढे होतं. तिथे लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर ठेवून ते चक्क तांब्याच्या तारेने शिवायचे. हो, शिवायचे, गोधडीसारखे! या पद्धतीचं नाव कॉन्सुटा. जाड फळीपेक्षा असा शिवलेला पत्रा हलका आणि तरी मजबूत. आज आपण लॅमिनेट आणि कंपोझिट शिकतो, त्याचीच ही आजी म्हणायला हरकत नाही. याच यार्डात वेगवान मोटरबोटी आणि पुढे उडत्या बोटी, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं बनत. ताकदवान इंजिन लावलेली बोट एका ठराविक वेगानंतर पाण्यातून वर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून घसरत पळते, हे उफाने पोरवयात आपल्या डोळ्यांनी पाहिलं. हे दृश्य त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

पहिल्या महायुद्धात तो नौदलाच्या हवाई दलात होता. युद्ध संपल्यावर परत काउझ. आता तिथे त्याचे उद्योग सुरू झाले. तो सी स्काउट्सचा मास्तर होता. एका सुट्टीत त्याने पोरांना एका उघड्या बोटीत बसवलं आणि इंग्लिश खाडी ओलांडून थेट फ्रान्सला, सीन नदीत नेलं! पालकांना हे कळल्यावर काय झालं असेल याची कल्पना करा. त्याचं मास्तरपद गेलं. 1920 मध्ये टायफून नावाची एक अमेरिकन शिडाची बोट अटलांटिक ओलांडून काउझला आली होती. परत जाताना तिच्यावर खलाशी म्हणून उफा चढला आणि न्यूयॉर्कला जाऊन आला.

मग स्वतःचं यार्ड काढायचं ठरलं, पण जागेला पैसे कुठले? काउझच्या नदीवर साखळीने ओढली जाणारी एक फेरी चालायची. गाड्या, घोडे, माणसं सगळं त्याच्यावरून पलीकडे जायचं. तशी एक जुनी, भंगारात निघालेली फेरी उफाने विकत घेतली. मध्ये जिथे गाड्या उभ्या राहायच्या तिथे वर्कशॉप, आणि बाजूला प्रवासी बसायचे तिथे घर. पुढची काही वर्षं जगातल्या सगळ्यात वेगवान डिंगी या तरंगत्या भंगारात बनल्या.

पाणी कापायचं की पाण्यावरून पळायचं?

इथे थोडं फ्लुइड मेकॅनिक्स लागणार आहे. घाबरू नका, पेपरात येणार नाही!

बोट पाण्यातून जाते तेव्हा पुढे एक लाट उठते आणि मागे एक. वेग वाढतो तशी या दोन लाटांमधली लांबी वाढते. एक वेळ अशी येते की लाटेची लांबी बोटीच्या लांबीएवढी होते. म्हणजे बोट स्वतःच तयार केलेल्या खड्ड्यात बसते. आता अजून वेग हवा असेल तर समोरची लाट चढून जायला हवी, आणि त्यासाठी ताकद लागते भरमसाट. म्हणून साध्या बोटीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. 14 फुटी बोटीला हे गणित लावलं तर उत्तर येतं साधारण 5 नॉट, म्हणजे ताशी 9 किलोमीटरच्या आसपास. सायकलवाला सहज पुढे जाईल. आपल्या पुस्तकात जो फ्राउड नंबर येतो तो याच भानगडीतला. विल्यम फ्राउडने 1870 च्या दशकात टॉर्की या गावात पाण्याचा लांब हौद बांधून जहाजांची मॉडेल्स ओढून बघितली होती. हे गाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

या कैदेतून सुटायचा मार्ग एकच. लाटेतून जायचंच नाही, बोट उचलून लाटेच्या डोक्यावर आणायची आणि पृष्ठभागावरून पळवायची. याला म्हणतात प्लेनिंग. आपण तळ्यात चपटा दगड भिरकावतो आणि तो टप्पे घेत जातो, साधारण तसंच. मोटरबोटीला हे जमत होतं कारण तिच्याकडे इंजिन होतं. शिडाच्या बोटीही जोरदार वाऱ्यात कधीमधी क्षणभर अशा उचलल्या जायच्या, पण ते नशिबाचं काम. उफाने विचार केला की आपण मुद्दाम यासाठीच बोट का काढू नये?

त्याने तळाचा आकार बदलला. पुढचा भाग व्ही आकाराचा ठेवला, म्हणजे लाट कापली जाईल आणि पाणी खाली दाबलं जाईल. हा व्ही मागे जाता जाता पसरट होत जवळजवळ सपाट होतो, म्हणजे वेग आला की त्या सपाट भागावर बोट उचलली जाईल. आकाराबरोबर दुसरी गोष्ट म्हणजे वजन. वजनाचा त्याला मनापासून राग होता. वजन शोभतं ते रोड रोलरला, बोटीला नाही, असं त्याचं ठाम मत. सॉन्डर्सच्या यार्डातली पातळ लाकडाची विद्या इथे कामाला आली. तिसरी गोष्ट म्हणजे बोटीत बसणारी माणसं. बोट कलली की शिडातली ताकद वाया जाते आणि तळाचा सपाट भाग पाण्याबाहेर येतो. म्हणून माणसांनी वाऱ्याच्या बाजूला, काठावरून शरीर बाहेर टाकून बोट सरळ ठेवायची. मोमेंट बॅलन्स, दुसरं काही नाही.

1928 साली त्याने याच तत्त्वावर ॲव्हेंजर नावाची 14 फुटी डिंगी बांधली. त्या वर्षी ती 57 शर्यतींत उतरली. पहिला नंबर किती वेळा आला असेल? 52 वेळा! दोनदा दुसरा, तीनदा तिसरा. चौथा एकदाही नाही. प्रिन्स ऑफ वेल्स कपही तिनेच जिंकला. एवढ्याने समाधान झालं नाही म्हणून उफा आणि त्याचे दोन साथीदार ही उघडी बोट घेऊन खाडी ओलांडून सुमारे 100 मैलांवरच्या ल हाव्र बंदराला गेले, तिथल्या शर्यतींत उतरले आणि तशीच बोट हाकत परत आले. हलकी बोट म्हणजे नाजूक बोट, असं बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली. त्यानंतर रेसिंग डिंगी बनवणाऱ्या प्रत्येकाला प्लेनिंगचा विचार करावाच लागला.

एका माणसाची बोट

1933 मध्ये उफा आणि त्याचा मित्र रॉजर डी क्विन्सी अमेरिकेला गेले. बरोबर दोन सेलिंग कनू. कनू म्हणजे लांबट, अगदी अरुंद होडी, आणि तिच्यात एकच माणूस. इतक्या अरुंद बोटीवर मोठं शीड लावलं तर ती लगेच उलटणार. त्याला तोड म्हणजे सरकती फळी. बोटीवर आडवी फळी असते, ती वाऱ्याच्या बाजूला बाहेर सरकवायची आणि तिच्या टोकावर जाऊन बसायचं. खाली पाणी, हातात शिडाची दोरी, आणि सुकाणूही आपणच सांभाळायचं. सर्कसच म्हणा ना!

तिथे न्यूयॉर्क कनू क्लबचा एक आंतरराष्ट्रीय कप होता. 1886 मध्ये स्काउटच्या संस्थापकांचे मोठे भाऊ वॉरिंग्टन बेडन-पॉवेल तो जिंकायला गेले होते आणि हरून परतले होते. अडचण अशी की अमेरिकेचे कनूचे नियम वेगळे आणि ब्रिटनचे वेगळे. उफाने दोन्ही नियमपुस्तकं समोर ठेवली आणि दोन्हींत बसेल अशी एकच बोट काढली. आपण ज्याला कन्स्ट्रेंट म्हणून शिव्या घालतो, त्यातूनच त्याने डिझाइन काढलं. कप इंग्लंडला आला, अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धाही या जोडीने जिंकली, आणि पुढे दोन्ही देशांचे नियम जुळवून एकच आंतरराष्ट्रीय क्लास तयार झाला.

1934 ते 1938 या काळात त्याने बोटींवर पाच जाडजूड पुस्तकं लिहिली. त्यात स्वतःच्या बोटींचे ड्रॉइंग त्याने उघडपणे छापले, दुसऱ्यांच्या चांगल्या बोटींचेही छापले. ज्या धंद्यात मापं कुलपात ठेवायची पद्धत होती, तिथे याने ती पुस्तकात घालून विकली. एवढंच नाही तर 1936 मध्ये कमी खर्चातल्या 12 फुटी डिंगीचा क्लास सुरू झाला, तेव्हा त्याच्यासाठीही सुरुवातीची बोट उफानेच काढली. राजपुत्राच्या नावाचा कप जिंकणारा माणूस आता कारकुनाला आणि शिक्षकाला परवडेल अशा बोटीच्या मागे लागला होता.

आभाळातून पडणारी बोट

मग आलं दुसरं महायुद्ध. ब्रिटिश बॉम्बर विमानं रात्री जर्मनीवर जायची आणि परत येताना त्यातली कितीतरी समुद्रात पडायची. विमानातून जिवंत बाहेर पडलेली माणसं रबरी तराफ्यावर तरंगत राहायची. तराफ्याला ना शीड ना सुकाणू. वारा नेईल तिकडे जायचं, आणि तिकडे असायचा शत्रूचा किनारा. थंडी इतकी की मदत पोचेपर्यंत सगळं संपलेलं असायचं. विमानाने वरून त्यांना शोधलं तरी करणार काय? पाण्यावर उतरता येत नाही. गोल गोल फिरून बघत राहायचं, बस.

उफाला वाटलं की विमान उतरू शकत नसेल तर बोटच खाली टाकू. हवाई दलातल्या वेअरिंग नावाच्या अधिकाऱ्याच्या डोक्यातही हाच विचार घोळत होता, त्यामुळे कल्पनेचं श्रेय एकट्या उफाला देता येणार नाही. पण ही बोट प्रत्यक्षात आणली ती त्याने.

आता जरा इंजिनिअर म्हणून विचार करा. बोट विमानाच्या पोटाखाली टांगायची आहे, म्हणजे तिचा आकार असा हवा की विमानाला उडता आलं पाहिजे. ती सुमारे 700 फुटांवरून सोडायची आहे. सगळ्या सामानासकट वजन साधारण 770 किलो. पॅराशूटने कितीही हळू आणली तरी पाण्यावर आपटणारच, आणि फुटता कामा नये. पडल्यावर पॅराशूट लगेच सुटली पाहिजेत, नाहीतर वारा भरून तीच बोटीला ओढत नेतील. उलटी पडली तर आपोआप सुलटी व्हायला हवी, कारण गोठलेल्या, जखमी माणसांना ती उलटवता येणार नाही. त्यासाठी पुढे आणि मागे हवेने फुगणारे भाग ठेवले. बोट पाण्याला लागली की छोटी रॉकेट दोन्हीकडे दोऱ्या फेकणार, म्हणजे पोहून दमलेल्या माणसाला निदान दोरी तरी हाताला लागेल. आत कोरडे कपडे, अन्न, पाणी, औषधं. दोन छोटी मोटर इंजिनं, आणि पेट्रोल संपलं तर? शीड!

पण शीड हाकायचं कुणी? बॉम्बरच्या टोळीतला वायरलेस ऑपरेटर किंवा तोफ चालवणारा पोरगा, वय एकोणीस-वीस, ज्याने आयुष्यात कधी बोटीला हात लावलेला नाही! म्हणून उफाने बोटीत शीड कसं लावायचं, कसं वळवायचं, हे शिकवणारं एक सोपं पुस्तकच ठेवायला लावलं. मला या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात आवडते. शर्यती जिंकणारा, सगळ्यात कुशल माणसांसाठी बोटी काढणारा हा डिझायनर आता अशा माणसासाठी डिझाइन करत होता ज्याला काहीच येत नाही, जो घाबरलेला आहे, ज्याचे हात थंडीने बधिर झालेत. त्याला एकच चान्स आहे. बोट समजली नाही तर तो मरेल. युझर फ्रेंडली हा शब्द आपण मोबाइलच्या जाहिरातीत वाचतो. त्याचा खरा अर्थ हा.

फेब्रुवारी 1943 पासून हडसन विमानं ही बोट पोटाशी घेऊन उडू लागली. मे 1943 मध्ये नॉर्थ सीमध्ये पडलेल्या एका हॅलिफॅक्स बॉम्बरच्या माणसांसाठी ती पहिल्यांदा खरोखर टाकली गेली आणि ती माणसं वाचली. पुढे वॉरविक विमानांवर सुधारलेली मोठी बोट आली. 1944 मध्ये हॉलंडवर मोठा हवाई हल्ला झाला तेव्हा समुद्रात पडलेल्या ग्लायडरमधल्या सैनिकांनाही अशाच बोटींनी वाचवलं. असं म्हणतात की उफाला आपल्या सगळ्या कामांत याच बोटीचा सर्वांत जास्त अभिमान होता. 52 पहिल्या नंबरांपेक्षाही!

ओव्हनमध्ये भाजलेली बोट

युद्ध संपलं. विमान बनवणाऱ्या कंपन्यांकडे मोठमोठ्या शेड होत्या, कामगार होते, पण विमानांची मागणी एकदम बसली. फेअरी ही अशीच एक कंपनी. युद्धात पातळ लाकूड आणि सिंथेटिक रेझिनचा गोंद वापरून विमानांचे भाग बनवायचं तंत्र खूप पुढे गेलं होतं. याचं आता करायचं काय? बोटी! 1946 मध्ये फेअरी मरीन सुरू झाली आणि पहिलं डिझाइन घेतलं ते उफाचं, 1938 साली त्याने काढून ठेवलेलं. नाव ठेवलं फायरफ्लाय. म्हणजे काजवा.

पद्धत बघा. बोटीच्या आकाराचा लाकडी साचा. त्यावर बर्च लाकडाचे पातळ पट्टे तिरके लावायचे, गोंद, पुन्हा उलट्या दिशेने तिरके पट्टे, पुन्हा गोंद. वरून रबरी आवरण घालून आतली हवा काढून घ्यायची. मग सगळा साचा उचलून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे एका प्रचंड प्रेशर कुकरमध्ये घालायचा. वाफेच्या उष्णतेने आणि दाबाने गोंद पक्का होतो आणि बाहेर येतं ते एकसंध कवच. जुन्या बोटीत असतात तशा बरगड्यांची जाळी नाही, फटी नाहीत, फटी बुजवायला डांबर नाही.

आता यात खरी गंमत काय ते सांगते. 12 फूट लांबीची ही डिंगी, साधारण 90 चौरस फूट शीड. पण प्रत्येक बोट एकाच साच्यातून आलेली, म्हणून पहिली आणि हजारावी सारखीच. त्याआधी ज्याच्याकडे पैसा तो चांगल्या कारागिराकडून नवी बोट बांधून घ्यायचा आणि शर्यत जिंकायचा. आता तसं करून फायदाच नाही. तुझी आणि माझी बोट एकच आहे, तर मग हाकून दाखव! याला वन-डिझाइन म्हणतात आणि क्लब रेसिंग आजही याच तत्त्वावर चालतं. कॅरममध्ये स्ट्रायकर सगळ्यांना सारखा, तसंच.

1948 मध्ये लंडन ऑलिंपिक झालं. सेलिंगच्या शर्यती टॉर्कीला होत्या. आठवलं? फ्राउडच्या हौदाचं गाव! एकट्याने चालवायच्या बोटीच्या शर्यतीसाठी आयोजकांनी फायरफ्लाय निवडली आणि सगळ्यांना तशाच कोऱ्या बोटी दिल्या. खरं तर फायरफ्लाय दोघांची बोट. दोन शिडं एकट्याने सांभाळताना भल्याभल्यांची तारांबळ उडाली. डेन्मार्कचा पॉल एल्व्हस्ट्रोम तेव्हा होता फक्त 20 वर्षांचा, म्हणजे आपल्याच वयाचा. पहिली शर्यत त्याने अर्ध्यातच सोडली. तरी शेवटी सुवर्णपदक त्यालाच मिळालं! पुढे 1952, 1956 आणि 1960 मध्येही त्यानेच सुवर्ण जिंकलं. त्याच शर्यतीत चौथा आला होता स्वीडनचा रिकार्ड सार्बी. हा धंद्याने न्हावी. एकट्या माणसासाठी खास वेगळी बोट हवी हे त्याला पटलं आणि 1949 मध्ये त्याने फिन नावाची डिंगी काढली. एकच शीड, एकच माणूस. 1952 मध्ये सार्बीने त्यातच ब्राँझ मिळवलं, आणि फिन 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत टिकली. त्याच टोकियोत चेन्नईची नेत्रा कुमानन ऑलिंपिकमध्ये उतरणारी पहिली भारतीय महिला सेलर ठरली, लेझर रेडियल या एका शिडाच्या, एका माणसाच्या डिंगीत. लेझर काही उफाची नाही. पण हलकी, प्लेन करणारी, सगळ्यांना सारखी, हा वारसा मात्र तोच.

आणि फायरफ्लाय? ती ब्रिटनमधल्या कॉलेजच्या मुलांची लाडकी बोट झाली. आज ती फायबरग्लासची असते, पण युनिव्हर्सिटीच्या टीम रेसिंगमध्ये अजून तीच दिसते.

उफा नावाचं प्रकरण

माणूस म्हणून उफा अजबच होता. मोठ्या आवाजात बोलायचा, पार्टीत जुनी खलाशांची गाणी म्हणायचा. 1947 मध्ये त्याने फ्लाइंग फिफ्टीन काढली. खाली वजनदार कील असूनही ती प्लेन करते. आंघोळीच्या टबात बसून त्याला ती सुचली असं सांगतात, आर्किमिडीजचा भाऊच! तसलीच एक बोट काउझच्या लोकांनी प्रिन्स फिलिपला भेट दिली. सुताराचा मुलगा आणि राणीचा नवरा अनेक वर्षं एकाच बोटीत भिजले. छोट्या बोटीत कुणाला मुजरा करायला जागाच नसते! राणीच्या मुलांना सेलिंगचे धडेही त्याने दिले. 1959 मध्ये त्याला सीबीई हा किताब मिळाला.

पण सगळंच छान होतं असं नाही. पैशाच्या बाबतीत तो पूर्ण बेहिशेबी होता. देणेकरी कायम दारात. डिझाइन जगभर गाजायचं आणि घरात उधारी. त्याच्या बोटींवर दुसऱ्यांनी कारखाने चालवले, तो स्वतः श्रीमंत कधीच झाला नाही. तीन लग्नं झाली. तिसरी बायको इव्हॉन फ्रेंच होती. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि याला फ्रेंच येत नव्हतं, तरी हेच लग्न शेवटपर्यंत टिकलं. कसं, ते मोठ्यांनाच विचारा!

वयाच्या सत्तरीत त्याने आणखी एक एकट्याची बोट काढली. जॉन फेअरफॅक्स नावाच्या तरुणाला अटलांटिक महासागर एकट्याने वल्हवत ओलांडायचा होता. लोक त्याला वेडा म्हणत होते. उफाने त्याच्यासाठी ब्रिटानिया बोटीचं डिझाइन दिलं. उलटली तर आपोआप सुलटी होणारी, आत आलेलं पाणी आपोआप बाहेर टाकणारी. युद्धातल्या त्या बोटीचीच धाकटी बहीण. जानेवारी 1969 मध्ये कॅनरी बेटांवरून निघालेला फेअरफॅक्स 180 दिवसांनी, 19 जुलै 1969 ला फ्लोरिडाला पोचला. एकट्याने महासागर वल्हवत ओलांडणारा जगातला पहिला माणूस! दुसऱ्याच दिवशी माणूस चंद्रावर उतरला आणि पेपरांची पहिली पानं तिकडे गेली.

26 ऑक्टोबर 1972 रोजी उफा वारला. त्याला बेटावरच, व्हिपिंगहॅमच्या चर्चजवळ पुरलं.

मित्रांनो, आपण चार वर्षं ड्रॉइंग काढतो, व्हायवा देतो आणि मार्कांची चिंता करतो. ते करायला हवंच, नोकरी लागायची आहे! उफाला डिग्री नव्हती म्हणून आपणही घेऊ नये, असा अर्थ कृपया काढू नका. त्याने सात वर्षं यार्डात हातोडी धरून जे शिकलं ती त्याची डिग्रीच होती. पण आपण एखादं मशीन, एखादं सॉफ्टवेअर, एखादा साधा ब्रॅकेट जरी डिझाइन केला तरी दोन प्रश्न त्याच्याकडून उसने घ्यायला हरकत नाही. यातलं काय काढून टाकता येईल? आणि हे ज्याच्या हातात पडणार आहे, त्याला काहीच येत नसेल, तो घाबरलेला असेल, मदतीला कुणी नसेल, तरी ते त्याला पैलतीराला नेईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो आलं, तर मार्क कितीही पडोत, डिझाइन पास!